बॅटरीवरचा हौश्या

आमच्या घरचं गवत कापायचं यंत्र आम्ही दात पाहून घेतलं.

म्हणजे मी नाही, बाबांनी. मी यंत्रासोबतचा कागद वाचत होतो. (मी जन्मभर कागदच वाचले. शेतकऱ्याच्या पोटी येऊन मला नांगर धरता आला नाही, हे बाबा पाहुण्यांना माझी ओळख म्हणून सांगत!)

गुडघे गेले तेव्हा बाबांनी अल्लीपूरचं शेत ठेक्यानं दिलं, हौश्या नावाचा शेवटचा बैल विकला आणि ते वर्ध्याला आमच्याकडे राहायला आले. आले खरे, पण कपड्यांची पिशवी काही उघडेनात. दर सोमवारी ती खांद्याला लावून म्हणत, "मी चाललो गावाले. इथं मले काम काय हाय?" मी ती उतरवून घेई. गावात आता त्यांना भाकर करून देणारंही कोणी उरलं नव्हतं.

त्यातच अंगणातलं गवत गुडघ्याएवढं झालं आणि त्यात साप निघाला. (धामण होती. पण मी गच्चीवरून पाहिल्यामुळे मला ती नाग दिसली!)

"आता एक तर हे गवत राहीन, नाई तर मी!" माझी बायको नंदा म्हणाली.

मी चौकशी केली. वायरवालं यंत्र भारनियमनात कुचकामी, पेट्रोलवालं फटफटीसारखं बोंबलणारं. म्हणून बॅटरीवालं घ्यायचं ठरवलं, आणि मन रमावं म्हणून बाबांनाही नागपूरच्या दुकानात नेलं.

तिथे तशी तीन यंत्रं होती. बाबांनी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली, कसंबसं वाकून पात्याचे दात पाहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "हे चालवून दाखवा बरं. लंगडते का पाहू."

"काकाजी, मशीन है! लंगडायेगी कैसे?"

"बैलबाजारातला दलालही असाच म्हणते!"

भावाची वेळ आली तेव्हा तर बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा दुकानदाराच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलाचा सौदा असाच होतो, चारचौघांत पण मुक्यानं. दुकानदार घामाघूम होऊन माझ्याकडे पाहत होता. शेवटी हात सोडवून घेण्यासाठीच त्यानं भाव उतरवला!

घरी येताच यंत्राचं नाव हौश्या पडलं. मूठ दाबली की ते आपसूक चाले, सोडली की थांबे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना काही त्रास नव्हता. लाईट आली की हातातला घास ठेवून ते उठत. "हौश्याले चारा लावून येतो!" म्हणजे चार्जिंगला. पिशवी पहिल्यांदाच खुंटीला लागली. माझी निवड किती अचूक, हे मी ऑफिसात महिनाभर सांगत होतो.

मग पोळा आला. आमच्याकडे आदल्या दिवशी बैलाचे जू ओढून दुखलेले खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्याला जेवणाचं निमंत्रण देतात. बाबांनी वाटी घेतली आणि यंत्राची मूठ चोळ चोळ चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" पोळ्याला तर त्यांनी मला यंत्राजवळ फिरकूही दिलं नाही. "सणाच्या दिवशी बैल जुपते का कोणी?"

दोन दिवसांनी मी बाबांना आराम म्हणून (खरं तर शेजारच्या साहेबांना दाखवायला!) स्वतः मूठ दाबली. तूप-हळदीच्या चिकट्यात ती दाबलेलीच राहिली आणि हौश्या सुटला! शेवंती गेली. पुदिना गेला. दोरीवर वाळणाऱ्या नंदाच्या साडीचा पदर गेला. सोडून द्यावं तर यंत्र साहेबांच्या गेटातून आत घुसलं असतं, म्हणून मी मागे लटकलेला.

"काऊन पळून राह्यले हो?" नंदा ओरडली.

"मी नाई पळून राह्यलो! हेच मले नेऊन राह्यलं!"

बाबा काठी टेकत बाहेर आले आणि बैलाला थांबवतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "हो रे हौश्या! हो!"

यंत्र जागच्या जागी थांबलं. (बॅटरी संपली होती, सकाळपासून लाईटच नव्हती. पण हे त्यांना कोण सांगणार?)

"पाह्यलं? मालकाचा आवाज ओयखते जनावर," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "याले तुया भरोशावर सोडून मी गावाले जाऊ तरी कसा?"

माझं कोपर सोललं होतं, साडीचा हिशेब बाकी होता, आणि तरी मला इतका आनंद झाला की साहेबांच्या देखत डोळ्यांत पाणी आलं.

बाबा राहिले. पुढच्या पोळ्याला त्यांनी पुन्हा वाटी काढली आणि नंदाच्या ताकिदीनुसार मूठ सोडून बाकीचा हौश्या चोळला. मी शेजारी जाऊन बसलो. "बाबा, थोडं माह्याही खांद्याले लावा न."

त्यांनी माझे दोन्ही खांदे नीट चाचपून पाहिले आणि वाटी बाजूला ठेवली.

"कायले तूप नासवू? या खांद्याइले जू कधी लागलंच नाई!"