अर्ध्यावर सोडलेली गंमत

बायकोच्या विद्यापीठाच्या अर्जात, ई-मेलच्या रकान्यात, मी माझा ई-मेल टाकला. चूक एवढीच. आपल्याकडे कोण टाकत नाही? गॅसच्या नोंदणीपासून बँकेच्या पासबुकापर्यंत नाव बायकोचं आणि मोबाइल नवऱ्याचा. स्वातीला स्वतःचा ई-मेल होता, तिने तो सांगितलाही होता. पण फॉर्म मी भरत होतो, बोटं सवयीने चालली.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे वाचून अकोल्यातले माझे मित्र हसतील, कारण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या जठारपेठेला ठाऊक आहे. स्वतःच्या साक्षगंधातून, म्हणजे साखरपुड्यातून, मी सासऱ्याच्या चपला घालून घरी आलो, हे मीच शंभरदा रंगवून सांगितलंय. माझी फजिती हेच माझं भांडवल. पण ही गोष्ट — ही जिभेपर्यंत येते, आणि मी चहा मागवतो.

तर, आम्ही तेव्हा हॉलंडमध्ये होतो. माझी तीन वर्षांची नोकरी होती, आणि स्वाती माझ्यासोबत आली होती. ती भातकुलीची. तिच्या बाबांची शेवंती आणि निशिगंध — टोपल्यांवर ओलं पोतं टाकून पहाटे अमरावतीच्या बाजारात जायचं, आणि न विकलेलं दुपारी करपून परत यायचं. लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच होतं : तोडलेलं फूल जास्त दिवस टिकवायचं कसं. आणि नशिबाने ती येऊन पडली कुठे, तर फुलांच्याच देशात. तिथल्या दुकानातली शेवंती पंधरा दिवस ताजी राहते हे पाहून ती फुलदाणीपुढे अशी बसायची, जशी आपली माणसं देवापुढे बसतात.

दोन वाटा होत्या. एक, तिथलं विद्यापीठ — आमच्या गावाहून रेल्वेने अडीच तास. तिथेच खोली घेऊन राहायचं, शनिवारी घरी यायचं. दुसरी, भारतातल्याच एका संस्थेची ऑनलाइन पदविका, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. तिचं म्हणणं सरळ होतं. फुलाचं काम हाताला कळतं, डोळ्याला नाही. मीही मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

विद्यापीठाचा मेल आला तेव्हा मी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी उभा होतो. तिला प्रवेश मिळाला होता. दोन आठवड्यांत होकार कळवायचा होता. मला आनंद झाला — खरंच झाला, हे तुम्ही मानलं नाही तरी चालेल. आणि माझ्यातला वात्रट जागा झाला. म्हटलं, घरी तोंड पाडून जायचं, ‘नाही म्हणाले’ सांगायचं, तिचा चेहरा पाहायचा, आणि मग मेल दाखवायचा.

गेलो. ती वरणफळांची पोळी कापत होती. मी म्हटलं, नाही म्हणाले.

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली, तुकडे अगदी सारखे पडत राहिले. ती म्हणाली, "बरं. मंग ऑनलाइनच करतो. घरीच राहीन."

इथे मी मोबाइल काढायला हवा होता. हात खिशात होता. पण त्या ‘घरीच राहीन’ने छातीवरचं काहीतरी असं उतरलं, की मला माझीच भीती वाटली. त्या देशात माझ्या गोष्टींना हसणारं दुसरं कुणी नव्हतं हो. ऑफिसात मी फजिती सांगायचो, तर शेवटी सगळे काळजीने विचारायचे, मग तुम्ही तक्रार केली का? गाई होत्या, पण कुंपणापलीकडे, आणि त्यांना मराठी येत नव्हतं. हसायची ती एकटी स्वाती. आठवड्याचे पाच दिवस मी कुणाला सांगणार होतो?

एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

इथेही थांबलो असतो, तर कदाचित — पण नाही. जेवताना तिने विचारलं, कारण काय दिलं त्यांनी? आणि मी, गोष्टी रचण्यात हुशार माणूस, घास चावत, न अडखळता बोललो : इंग्रजी कमी पडलं म्हणे.

चौदा दिवस होते माझ्याजवळ. रोज सांगता आलं असतं, गंमत केली गं. ती दोन दिवस बोलली नसती, मग गेली असती. पंधराव्या दिवशी गंमत उरली नाही. तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली असेल.

स्वाती कोपऱ्यावरच्या फुलवालीशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत तासभर बोलायची. त्यानंतर ते बंद झालं. दुकानात, दवाखान्यात ती माझ्या मागे उभी राहू लागली. "तुमीच बोला," म्हणायची. मी बोलायचो. रुबाबात बोलायचो. पदविका तिने पूर्ण केली — कानाला हेडफोन, समोर पडद्यावर कुणीतरी पाण्याखाली देठ तिरपे कापतंय. प्रमाणपत्र मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणलं, आणि वर पेढेही वाटले.

तो मेल अजून माझ्याकडे आहे. मी तो पुसत नाही. का, ते मला सांगता येत नाही.

आता आम्ही अकोल्यात असतो. गेल्या दिवाळीनंतर बाबांना अमरावतीतल्या एका लग्नाची शेवंती द्यायची होती. स्वाती चार दिवस आधी भातकुलीला जाऊन बसली. पाण्यात काय किती घालायचं, कुठल्या गारव्यात ठेवायचं, सगळं वहीत लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पाकळ्या कडेने तपकिरी पडल्या. मांडववाल्याने गाडी दारातूनच परत पाठवली.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एक फूल चोळून पाहिलं आणि विचारलं, "तिकडं हातानं केलं होतं का बाई, हे?"

"नाई बाबा. स्क्रीनवरच पायलं."

"मंग त्या देशात राहून..." एवढं बोलून ते उठले, टोपली उकिरड्याकडे न्यायला.

मीही त्या दिवशी भातकुलीला आलो होतो. मग मी काय केलं असेल? गोष्ट काढली. हॉलंडमध्ये मी सायकलसकट कालव्यात पडलो होतो ती. तीच, जिला स्वाती पोट धरून हसायची. ती खाली वाकून सडकी फुलं भरत होती. वर न बघता म्हणाली,

"तुमच्या गोठीनं फुलं टिकत नाई. ते टोपलं धरा."