करडईचं तेल प्यालेली गिटार

आबांना ऐकू येत नाही, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

आमचा तीसेक वर्षांचा एक नेम आहे. संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, डाळिंबाच्या बागेतून येतात, हातपाय धुऊन ओट्यावर बसतात आणि मी समोर स्टूल ओढून गिटार वाजवते. शाळेत असताना ती मला त्यांनीच आणून दिली होती. आमच्या कन्हेरी गावातल्या मुली भजनासाठी पेटी शिकायच्या. आमच्या घरात गिटार का आली, हे आबांनाही नीट सांगता येत नाही. दुकानात टांगलेली दिसली, आवडली, घेतली, एवढंच म्हणतात. मी वाजवायचे आणि आबा मान डोलवायचे. मला तेवढाच श्रोता मिळाला आणि दुसरा कधी लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डाव्या अंगठ्यात कळ आली म्हणून मी मध्येच थांबले. आबा मान डोलवत राहिले. चांगले पाच-सात सेकंद. मग माझे हात मांडीवर गेलेले दिसले तेव्हा थांबले आणि म्हणाले, "झ्याक वाजवलंस."

मी आत जाऊन भांडी आपटली. मला वाईट वाटलं की मी आधी चिडते. बारामतीच्या कॉलेजात माझ्या गणिताच्या वर्गाला हे चांगलं ठाऊक आहे. हा माणूस किती दिवस खोटी मान हलवत होता कोण जाणे, आणि आपल्याला पत्ता नाही, याची ती चीड होती. रात्रीच्या भाकरी त्या दिवशी जरा जाडच झाल्या.

मग उपाय सुरू झाले. कानाचं यंत्र आणलं. आबांनी ते आठ दिवस लावलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. "कानात पंखा लावल्यागत वाटतं," म्हणाले. मी स्पीकर आणून गिटार त्याला जोडली, तर त्यांनी कानांवर हातच ठेवले. "आवाज लई मोठा हाय, पर काय वाजवतीस त्ये कळंना." डॉक्टरांनी समजावलं होतं की बारीक, टोकदार आवाज आधी जातात आणि जाड आवाज मागे राहतात. मोठ्या पोटाची गिटार घ्यावी तर तिला आवाज जाड असतो, पण ती कवेत धरायची म्हणजे माझा खांदा आणि अंगठा दोन्ही संपावर. घरात आम्ही दोघंच. एकाचे कान चाललेले, दुसरीचा अंगठा.

इंदापूरला हायवेच्या कडेला एक जण मागणीप्रमाणे गिटारी बांधून देतो, असं एका विद्यार्थिनीनं सांगितलं तेव्हा मी हसलेच. इंदापुरात तहसिलात उतारे मिळतात, ट्रकच्या बॉड्या बांधून मिळतात. गिटार? पण गेले. खरोखरच ट्रकच्या बॉड्या बांधायचीच शेड होती ती, त्याच्या वडिलांची. अर्ध्या भागात एक ट्रक उभा होता आणि उरलेल्या अर्ध्यात हा. चाळिशीचा, मोजकं बोलणारा. बाहेर राहून काम शिकला आणि परत आला. तयार गिटार तो ठेवत नाही. येणाऱ्याचे हात बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि जुन्या काळच्या गिटारींच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकत्र आणून एक नवी बांधतो.

"कुणासाठी वाजवता, मॅडम?"

"वडिलांसाठी. त्यांना ऐकू आली पाहिजे. बाकी काही नको."

त्यानं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हणाला, "आधी त्यांना भेटाय लागंल."

एका रविवारी तो पिशवीभर फळ्या घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाला. आबांना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांच्या कानाशी एकेक पातळ फळी धरून बोटानं टिचकी मारायला लागला. आबांना हे काम एकदम पटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी टिचकी मारून कलिंगडं निवडली आहेत आणि एकही कच्चं निघालं नाही, असा त्यांचा दावा आहे. निघाली आहेत. मी खाल्ली आहेत.

"ह्यो मठ्ठ," आबा म्हणाले. "ह्यो न्हाय ऐकू येत. ह्यो... परत वाजीव. हां. ह्यो गोड हाय."

ती शिसवाची फळी होती. ती गिटारची पाठ झाली. पुढच्या बाजूला, म्हणजे तबलीला, पांढरट परदेशी लाकूड होतं. ते आबांनी गालाला लावून बघितलं. "मिस्तरी, ह्ये लई कोरडं हाय."

"ते तसंच लागतं, आबा," तो म्हणाला. आबांना ते ऐकू गेलं असावं, असं आम्ही दोघांनी गृहीत धरलं.

मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. फार पूर्वी घरात बसून वाजवण्यासाठी करत तसं लहान पोट, माझ्या खांद्यासाठी. मानेवर धातूचे आडवे पडदे असतात, त्यातल्या बाराव्यापाशी ती पोटाला जोडायची जुनी रीत, म्हणजे तारा जिथं टेकतात ती घोडी पोटाच्या मध्यावर येते आणि आवाज गोल होतो. मान मागून सपाट नाही, मधोमध कणा असलेली, अंगठा टेकायला. आणि पाठ फुगीर. ती त्यानं बँडमध्ये वाजणाऱ्या जुन्या गिटारींच्या भलत्याच घराण्यातून उचलली होती. "ह्या सगळ्या एका जागी म्या तरी कुठं बघितल्या न्हाईत," तो म्हणाला.

"मग जमेल?"

"बघू."

कारागिरानं इतकं सरळ उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

त्याची एक पद्धत आहे. पॉलिश करायच्या आधी तो कोऱ्या गिटारला तारा चढवतो आणि आठ दिवस घरी देतो. वाजवून बघायची, मानेवर जिथं हाताला बोचेल तिथं पेन्सिलनं खूण करायची, मग तो तेवढंच तासतो. "तबलीला मात्र कुणाचा हात लागू देऊ नका," त्यानं दोनदा बजावलं. मी घरी आले, आबा बागेत असताना गिटार वाजवून बघितली, आणि वरच्या सुरांचा तो स्वच्छ नाद ऐकून इतकी खूश झाले की आबांना काही सांगायचंच विसरले. त्यांना मी ती पूर्ण झाल्यावरच ऐकवणार होते. अर्धं सोडवलेलं गणित कुणाला दाखवायचं नाही, ही माझी सवय.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर अंगणात करडईच्या तेलाचा वास. खाटेवर उन्हात गिटार आडवी. शेजारी माझ्याकडे पाठ करून आबा, हातात फडकं, बाजूला वाटी.

आमच्याकडे कुदळीचा, कुऱ्हाडीचा, कशाचाही नवा दांडा आला की तेल पाजल्याशिवाय तो कामाला लावत नाहीत. नाहीतर लाकूड तडकतं. आबांनी कोरं लाकूड बघितलं, त्यातून ते त्यांनी स्वतः गालाला लावून पारखलेलं, आणि त्याची तहान भागवली. दोन हात तेल. पांढरी तबली चांगली मधाच्या रंगाची झाली होती.

मी फाटकातूनच ओरडले. "आबा! काय केलं तुमी हे? सगळ्याचा सत्यानाश केला! कुणी सांगितलं होतं हात लावायला?" एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्यावर जन्मात ओरडले नव्हते. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

आबा फडकं फिरवत राहिले. एका लयीत, हलक्या हातानं, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं. मग माझी सावली खाटेवर पडली तेव्हा वळले आणि हसले.

"आलीस व्हय? बघ कशी उजाळली. लई तहानल्यालं लाकूड हुतं."

तेच सगळं त्यांच्या तोंडावर पुन्हा ओरडायचं मला जमलं नाही. मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "छान केली, आबा." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग आठवलं की नळ सोडायची काही गरज नव्हती, आणि आणखी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गिटार गोधडीत गुंडाळून इंदापूर गाठलं. त्यानं गोधडी उलगडली आणि वाकून वास घेतला. "करडई," म्हणाला. टिचकी मारली, कान लावला, बारीक तार छेडली. कापडाखालून यावा तसा सूर आला. मी घाईघाईनं सांगितलं की चूक माझी, मी आबांना बजावलंच नव्हतं.

"माझा बापबी हेच करतो," तो म्हणाला. "फळी दिसली की तेल."

दोन वाटा होत्या. एक, तबली उचकटून नवी बसवायची. त्याला सहा महिने. दुसरी, शंखजिऱ्याची पूड चोळून निघेल तेवढं तेल काढायचं आणि जुन्या पद्धतीनं हातानं लाख चढवायची, कारण तेलकट लाकडावर आता तेवढीच धरेल. पण गेलेले वरचे सूर त्यानं परत येणार नाहीत.

मी नवी तबली म्हणाले आणि लगेच मलाच भीती वाटली. सहा महिने. आबांचे कान तोवर थांबतील याची हमी कोण देणार? जी तयार होईल ती त्यांना ऐकूच आली नाही, तर ती मी वाजवायची कुणासमोर?

त्यानं माझ्या चेहऱ्यावर ते बघितलं असावं. "म्या तेल काढून ठिवतो. एकदा तशीच त्यांना ऐकवा," तो म्हणाला. "तुमच्या कानानं ठरवू नका, मॅडम."

आठ दिवसांनी गिटार परत आणली. पुडीनं थोडी फिकटली होती. वास मात्र होता. संध्याकाळी आबा ओट्यावर बसले आणि मी स्टूल ओढलं. ते माझ्या शाळेच्या दिवसांपासून ऐकत आलेत ती धून वाजवायला घेतली. माझ्या कानाला वरचे सूर दबलेले, सगळा भार खाली, पोटात आणि शिसवाच्या पाठीत. अंगठा मात्र दुखत नव्हता. आबांची मान डोलायला लागली. त्या मानेवर माझा आता विश्वास राहिला नव्हता.

म्हणून मी एक वाईट गोष्ट केली. ओळीच्या मधोमध थांबले. हात मांडीवर घेतले नाहीत. बोटं तशीच तारांवर, जणू वाजवतेच आहे.

आबांची मान थांबली.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "आंगठा दुखतुया?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग वाजीव की. मधीच सोडलीस." आणि पुढे झुकून तबलीवर तळहात टेकून म्हणाले, "त्याल दिलं म्हणून आवाज सुटला बघ."

"व्हय, आबा."

इंदापूरला फोन करून मी सांगितलं, तबली काढू नका, लाख लावा. तो हसला. तेलानं आवाज सुटत नसतो, म्हणाला; लहान पोट, बारावा पडदा आणि ती फुगीर पाठ, त्यांचं काम ते. "पर त्यांना सांगू नका." मग म्हणाला की बोटांखालच्या काळ्या पट्टीला वर्षातून एकदा तेल दिलं तर चालतं, उलट बरंच असतं.

खंडेनवमीला आबांनी ओट्यावर हत्यारं मांडली. कुदळ, कोयता, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, आणि कडेला लाखेनं लखलखणारी गिटार. सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं. मग करडईची वाटी घेऊन गिटारपाशी बसले. मी काळ्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं, फक्त इथं. त्यांनी एकेक तार बाजूला सारत पट्टीला तेल लावलं आणि फडक्यानं पुसलं.

त्या दिवशी आमच्याकडे कुठलंही हत्यार चालवत नाहीत. आबांनी ही रीत एकदाही मोडलेली मी बघितलेली नाही. एकदा फळं तोडणीला आलेली असतानाही कात्रीला हात लावला नव्हता. म्हणून मी गिटार उचलून आत न्यायला लागले.

"कुठं नेतीस?"

"आज सगळ्यांना सुट्टी ना, आबा."

आबांनी पायानंच स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"हिला नगं," ते म्हणाले. "माजा एक दिस वाया जातो."