पाळण्यात आईचं नाव

सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या गोजराबाईला कुणी मालिशवाली म्हटलं की तिचा पारा चढतो. "मालीश सलूनमधी करून घ्या," ती ठणकावते. "मी बाल-बालंतिनीचं करते." बत्तीस वर्षं ती हे काम करते आहे. नेरूळच्या सेक्टरांतून आज जी पोरं बाइक उडवत फिरतात, त्यांतल्या कितीकांच्या टाळूवर तिनं तेल थापलंय, आणि एखादा भेटला की भर चौकात त्याला तसं ऐकवायलाही ती कमी करत नाही. पोरगा घाईघाईनं हेल्मेट चढवून पळ काढतो.

तिची आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. कुणाचं नाव कुठल्या ओळीत बसवायचं, हे त्या माउलीला उभ्या उभ्या सुचायचं. गोजराला तो गळा मिळाला आणि ती जुळवाजुळवही. त्यामुळे ज्या घरी तिचं तेल-पाणी, त्या घरच्या बारशाला पाळणा तिचाच, हे ठरलेलं. लोक कागदावर नावं लिहून द्यायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण नावं वाचण्यापुरतं तिला येतं. बाबा, आजोबा, काका, आत्या, एकेक नाव ती ओळीत ओवायची आणि शेवटी नारळ, साडी घेऊन ताठ मानेनं घरी यायची.

एवढी जाणती बाई, पण एका ठिकाणी चुकली. चूकही अशी, की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायका ती माया म्हणून करतात.

चारुलता बँकेत मोठ्या हुद्द्यावरची मुलगी. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. पाठीला तेल लावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तशी गोजराबाई म्हणाली, "रडू नको बाय, दूध आटंल." चारुलतानं डोळे पुसले. त्यानंतर ती कधी रडलीच नाही. रोज सकाळी हसून दार उघडायची. गोजराबाईला वाटलं, पोर सावरली. तिसऱ्या महिन्यात एक दिवस गेली, तर दाराला कुलूप. चार दिवस चारुलतानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, बाळाकडे बघणंही सोडलं होतं. नवरा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

औषधपाण्यानं ती बरी झाली. बरी झाल्यावर स्वतःहून कोळीवाड्यात आली आणि गोजराबाईच्या ओट्यावर बसून म्हणाली, "मावशी, दूध आटेल म्हणालात ना, मी घाबरले. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. रोज."

गोजराबाई बोटांवर मोजत बसली. हे वाक्य आपण किती जणींना ऐकवलं असेल, याचा तिला अंदाजच लागेना. दुसरी एखादी, चालायचंच, म्हणून मोकळी झाली असती. हिचं तसं नाही. चुकलं तर चुकलेलं दुरुस्त करायचं, नाहीतर झोप लागायची नाही, असा हिचा पिंड. आठवड्याभरानं ती चारुलताला म्हणाली, "रडाया जागा पायजे. नलाखाली नाय, मान्सांत. माजी माडी रिकामीच हाय. बोलाव कोनकोन हायत त्यांना."

असा बुधवार सुरू झाला. दुपारी तीन ते पाच, पोरं कडेवर घेऊन. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. खाली अंगणात सुकट वाळत घातलेली. सोसायटीतल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. गोजराबाई जिन्यावर उभीच होती. "वास हाय," ती म्हणाली. "मंग तुमच्या पोरांच्या दुपट्याला काय अत्तर येतं?" रुमाल पर्समध्ये गेले.

पण बोलेना कुणीच. चारुलतानं समजावलं, कसं वाटतंय ते मोकळेपणानं सांगा. पाचही जणी चटईकडे बघत बसल्या. घरच्यांबद्दल बोलायचं म्हणजे चुगली, आणि स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे नाटकं, हे आपल्याकडे लेकीसुनांना कुणी शिकवावं लागत नाही. शेवटी गोजराबाईनं तिला येत होतं ते केलं. एका तान्ह्याला मांडीवर घेतलं आणि पाळणा सुरू केला. पाळण्याची गंमत अशी, की बोलायचं बाळाशी आणि ऐकवायचं घराला.

चार कडवी झाली आणि चारुलतानं हात वर केला. "मावशी, यात बाबा आहेत, आजोबा आहेत, आत्या आहे, मामासुद्धा आहे. आई कुठाय?"

गोजराबाई थांबली. मनातल्या मनात तिनं आठवतील तेवढी बारशी उलटीपालटी केली. कुणाच्याच कागदावर नव्हती, आणि हिनंही कधी घातली नव्हती. जिचं सगळं अंग हिनं रोज चोळून काढलं, तिचं नाव घ्यायचंच राहिलं होतं. "नाय घातली," ती हळू आवाजात म्हणाली. मग एकदम ताडकन म्हणाली, "आतापासून पयली ओल आईची. ती मी गाईन. दुसरी ओल जिची तिनं जुलवायची. खरी पायजे. खोटी चालनार नाय."

पहिलं धाडस केलं कैनातनं. तिचं माहेर रायगडच्या किनाऱ्यावरचं, नवरा शाहिद जहाजावर, सहा महिने घराबाहेर. गोजराबाई गायली, "कैनात तुझी अम्मी, चहा करी सकाळी." कैनातनं बाळाच्या नाकाला नाक लावून पुरं केलं:

"गरम करून चार वेळा, पिते संध्याकाळी!"

सगळ्या खदखदून हसल्या. हसता हसता दोघींना रडू फुटलं, आणि गोजराबाईनं त्यांना गप्प केलं नाही. तिनं फक्त त्यांची पोरं आपल्या मांडीवर घेतली. त्या दिवसाची आठवण निघाली की अजून तिचा चेहरा फुलतो.

दोन वर्षांत चारुलताच्या तीन वह्या पाळण्यांनी भरल्या. पार दिघ्यापासून बायका येऊ लागल्या. कुणी बाळाचं चित्र काढी, कुणी जुन्या साडीची झबली शिवी, पण ओळ जुळवल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. आणि ज्या पोरीचे डोळे गोजराबाईला बरे वाटत नसत, तिच्या नवऱ्याला ती तिथल्या तिथे फोन लावी. "गानं म्हंजे औषध नव्हं. गोली डॉक्टर देतो. उद्याच्याला घेऊन जा."

अस्मिताच्या नवऱ्याला, प्रसादला, असाच फोन गेला होता. अस्मिता मूळची कराडची. मुलगी झाली आणि ही खोलीतून बाहेर यायलाच तयार नाही. पोर रडली तरी हात पुढे होत नसे. बाराव्या दिवसाचं बारसं तीन महिने लांबलं. डॉक्टरांची गोळी सुरू झाली, थोडा फरक पडला. दर बुधवारी प्रसाद तिला माडीवर सोडून जाई. ती भिंतीला टेकून बसे. गोजराबाई दर वेळी तिच्या नावाची पहिली ओळ गाई आणि वाट पाही. अस्मिताची बोटं मांडीवर ठेका धरत, ओठ मात्र उघडत नसत. "नाय तर नाय, पुढल्या बुधवारी," गोजराबाई म्हणे.

पण पुढला बुधवार मिळणार नव्हता. बारशाच्या सकाळी गोजराबाई पोरीला न्हाऊ घालायला गेली, तेव्हा अस्मिताच्या सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, तिला स्वयंपाकघरात घेतलं. बाई दुष्ट नव्हती, थकलेली होती. तीन महिने नात तिनंच सांभाळली होती. "तिचा भाऊ रणजीत आलाय. जेवणं झाली की तिला कराडला घेऊन जाईल. बाळ माझ्यापाशी राहील. तिला ओढच नाही हो पोरीची. आणि आज हॉलमध्ये तिला काही गायला-बियला सांगू नका. चार लोकांत शोभा नको." मग त्यांनी नावांचा कागद हातात दिला. गोजराबाईनं तो दोनदा वाचला. अस्मिता त्यात नव्हती.

सोसायटीचा हॉल माणसांनी भरला. बुधवारच्या मैत्रिणीही आल्या होत्या. पाळणा झेंडूनं सजवलेला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, करत बायकांनी पोर पाळण्याखालून-वरून फिरवली. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं: गीतांजली. आता पाळणा. अस्मिता हिरव्या साडीत, खाली मान घालून दोरीजवळ उभी. रणजीतनं तिची बॅग दारापाशी आणून ठेवलेली होती.

गोजराबाईनं आयुष्यात कुठल्या घरच्या शब्दाबाहेर गायलेलं नव्हतं. आणि इथं तर दुहेरी भीती. हिनं ओळ टाकली आणि अस्मिता गप्प राहिली, तर सुनेला ओढ नाही, हे शंभर माणसांच्या साक्षीनं पक्कं होणार. मग अस्मिता कराडहून परत आली तरी ते पुसलं जायचं नाही. कागदावरची नावं गाऊन नारळ घ्यावा आणि घरी जावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिचं लक्ष अस्मिताच्या हाताकडे गेलं. दोरीवर बोटं ठेका धरत होती.

गोजराबाईनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि गळा मोकळा सोडला:

"अस्मिता तुझी आई, उभी पाळण्यापाशी..."

आणि थांबली. पुतळाबाईंनी डोळे वटारले. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मागे चारुलता आणि कैनातनं हळूच सूर धरून ठेवला. गोजराबाई अस्मिताकडे बघतही नव्हती. ती पाळण्याला झोका देत होती, दोन, तीन, चार. सुचत नसलेल्या बाईकडे टक लावून बघायचं नसतं, हे तिला दोन वर्षांच्या बुधवारांनी शिकवलं होतं.

"भीती वाटते घ्यायची तुला, तरी धरीन उराशी," अस्मिता म्हणाली. गायली असं म्हणवत नाही, आवाज फाटका होता. पण तिनं वाकून पोर उचलली, छातीशी घेतली, आणि तिच्याच कानाशी पुढचं जुळवलं:

"नको गं मला धाडू गावा, सांग सोने आजीला,
शिकतेय अजून तुझी आई, वेळ लागतो शिकायला."

कडवं संपलं की सगळ्यांनी जो जो म्हणायचं असतं, तेही कुणाला सुचेना. प्रसाद चष्मा काढून उभा. पुतळाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा तिनं धरलेल्या नातीकडे. पोरीचं डोकं नीट कोपरावर टेकवलेलं होतं.

"जो बाळा जो जो रे जो," पुतळाबाईच आधी म्हणाल्या, घोगऱ्या आवाजात. मागून सगळा हॉल म्हणाला. गोजराबाईनं उभ्या जन्मात इतकी बारशी गायली, पण अभिमानाच्या भरात सूर हातचा गेला, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

पानं मांडली गेली तेव्हा रणजीत बॅगेकडे वळला. पुतळाबाईंनी त्याला हाक मारली.

"रणजीतराव, सावकाश जेवा. अस्मिता येत नाही तुमच्याबरोबर."

"का हो मावशी?"

"तिला बुधवारी कोळीवाड्यात जायचं असतं," पुतळाबाई म्हणाल्या आणि गोजराबाईच्या पानात स्वतःच्या हातानं जिलबी वाढली. "कराडात असला बुधवार कुठं मिळायचा?"