अण्णामामाची घंटा

अण्णामामाला कोणतीही वस्तू नुसती आणता येत नसे. तिच्या मागोमाग एखादी जागतिक संघटना घरात यायचीच. तो सरकारी लघुलेखक. साहेबांबरोबर परदेशी परिषदांना जाई आणि बंगळुरात बसवनगुडीत परतला की आम्हा भाचरांना ओसरीवर बसवी. "हा रोमचा चमचा म्हणजे अन्नाची संघटना. पॅरिसची दौत, ती शिक्षणाची. आणि जिनीव्हाची ही गाईची घंटा आरोग्याची."

"मग गाय कुठंय?" धाकटी शकू विचारी.

"तिकडंच राहिली. तिला परवाना नव्हता."

दर रविवारी आमची देशोदेशींची सभा भरे. नियम एकच: घंटा वाजली की आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती अशी की त्यानं मान डोलवावी. मग स्वतःची. शेवटी सगळ्यांनी एकाच सुपातल्या उकडलेल्या शेंगा खायच्या. "सभेत भांडा, सुपात नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

असा हा शहाणा मामा शेजारच्याच घरात राहणाऱ्या आमच्या वडिलांशी मात्र भांडला, तोही फणसावरून. फणस त्याच्या आवारात, मुळं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत. वडील म्हणाले, तोडा. मामा म्हणाला, आईनं लावलेलं झाड आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, रविवारची सभाही बंद पडली. त्या भाऊबीजेला आईनं ओवाळणीचं ताट तयार केलं आणि तसंच झाकून ठेवलं.

शकूला ते बघवेना. मामाच्या घरातून तिनं घंटा उचलून आणली आणि फणसाखाली उभी राहून वाजवत सुटली. दोघेही बाहेर आले.

"अण्णामामा, आधी बाबांची बाजू!"

मामा जमिनीकडे बघत वडिलांच्या तोंडचं बोलू लागला, "भिंत फुगलीय. तिच्या आड माझी बायको रांधते, पोरं जेवतात..." तिथंच त्यानं मान वर करून फुगलेल्या भिंतीकडे पाहिलं. "सरी, ठीक आहे, भाऊजी. तोडा झाड."

"स्वल्प थांबा, अण्णा," वडील म्हणाले. "माझी पाळी राहिलीय." आणि आमचे कडक वडील, सासूबाई या झाडाला रोज तांदळाचं धुवण कशा घालायच्या, ते सांगू लागले. मामाची मान डोलत होती आणि डोळे वाहत होते.

आईनं ताटावरचं झाकण काढलं.

मामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. फणस अजून उभा आहे. वडिलांनी भिंत आत घेतली आणि आमचं स्वयंपाकघर हातभर अरुंद झालं. आई शेवटपर्यंत त्यातच रांधत राहिली. जागा पुरत नाही असं एकदाही म्हणाली नाही.