डिस्कला लावलेलं तेल

दसऱ्याला आमच्या घरात चाक असलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते, शिलाई मशीनचीसुद्धा. त्या वर्षी नोकरीला लागलेल्या माझ्या लेकीने माउंटन बाइक घेतली होती. ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी मशीनच्या तेलाची बाटली उचलली आणि चेनला तेल घातलं. दोन्ही चाकांच्या मधोमध असलेल्या धातूच्या चकत्या कोरड्या दिसल्या, म्हणून त्याही तेलाच्या फडक्याने चोळून चकचकीत केल्या. वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. काय देखणी दिसत होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला शिकवायला घेऊन निघाली. पन्नाशीत कसली माउंटन बाइक, म्हणत मी भाईंदरपासून काशीमीऱ्यापर्यंत कुरकुरले. ती सायकलवर, मी मागून स्कूटीवर. ट्रकच्या गर्दीत तिचा ब्रेक करकरत होता. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं तीच म्हणाली.

पुढे डोंगराच्या कडेला मातीचा चढ होता. ती सायकलवरून वर गेली, मी स्कूटी खाली लावून धापा टाकत पोचले. मग शिकवणी सुरू झाली. चढ यायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, मध्येच अडकल्यावर नाही. उतारावर सीट खाली, बूड मागे, दोन्ही ब्रेक एकदम पण हळू दाबायचे. शेवटी तिने ती चकती दाखवली.

"ही डिस्क. ब्रेक हिलाच पकडतो. हिला बोटसुद्धा लावायचं नाही, आई. तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक गेला समज."

थेंब कसला, मी तर चोळून चोळून लावलं होतं! एरवी मी सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर सुनावणारी बाई, पण तिथे माझी दातखीळ बसली. आता सांगितलं तर म्हणेल, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? आणि इथपर्यंत तर नीट आली ना, अशी मी मनाची समजूत घातली. हेल्मेटचा पट्टा आवळायला तिला चांगलं अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यातही मी बोलले नाही.

आधी मी उतरून दाखवते, म्हणत ती निघाली. अर्ध्या उतारावर ब्रेक किंचाळायला लागला, पण सायकल काही आवरेना. खालच्या वळणावरून खडीचा डंपर वर येत होता. डंपर जवळ आला तशी तिने हँडल वळवलं आणि सायकलसकट कडेच्या झुडपात घुसली. डंपर हॉर्न वाजवत निघून गेला.

मी चपला हातात घेऊन घसरत खाली पळाले. तिचं कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. हाडं शाबूत होती. ती सारखं म्हणत होती, माझंच चुकलं, आवाज येत होता तेव्हाच ब्रेक तपासायला हवा होता. ते मला ऐकवेना. पूजेच्या वेळी डिस्कला तेल मी लावलं, असं सांगून टाकलं.

तिने हेल्मेटचा पट्टा सोडला.

"तेल लावलंस ते राहू दे. तुला काय माहीत. पण वर मी डिस्क दाखवत होते तेव्हा?"

मी ओढणीने तिचं कोपर पुसायला गेले. तिने हात मागे घेतला.