व्हर्जनबाई

कॉम्प्युटर सुरू झाला की बाई आधी कामाला हात लावत नसत. पदर खांद्यावरून नीट घेत, चष्मा नाकावर ढकलत आणि 'हेल्प'मध्ये जाऊन 'अबाउट' उघडत. पडद्यावर छोटी चौकट येई. तिच्यात सॉफ्टवेअरचं नाव आणि खाली आवृत्तीचा आकडा. तो आकडा ओठ हलवत वाचायचा, भिंतीवरच्या फळ्यावर तारखेसह लिहायचा आणि मगच दिवस सुरू करायचा. कालचा आकडा तोच असला तरी आज पुन्हा बघायचा. कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात त्यांना समोर कांबळे मॅडम म्हणत आणि माघारी व्हर्जनबाई.

आमच्याकडे पंपांचे ओतीव भाग सीएनसी मशीनवर कापले जात. कापणाऱ्या टूलने कुठून कसं फिरायचं ते आमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठरे आणि तो प्रोग्रॅम मशीनवर जाई. बाई त्या खोलीच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कॉलेजात कुठल्या व्हर्जनवर शिकलास? मी ऐटीत 'लेटेस्ट' म्हणालो.

"लेटेस्ट हा काय आकडा हाय व्हय?" बाई म्हणाल्या. "काल लेटेस्ट होतं ते आज जुनं झालं. ह्यावर काय हाय ते उघडून बघ, मग सांग."

त्यांचा डिप्लोमा, माझी डिग्री. मला ते चांगलंच झोंबलं.

आमच्या भागात निम्मी कामं 'चालतंय की' या दोन शब्दांवर पार पडतात. बाईंना या दोन शब्दांचं वावडं होतं. कुणी तसं म्हणालं की विचारत, "कुणाला चालतंय? तुला, का मशीनला?" सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर घाई करू लागला तर त्याला थांबवून आधी त्याच्या पडद्यावरचा आकडा वाचायला लावत. माणूस वैतागे, पण वाची. मात्र डबा उघडला की याच बाई वेगळ्या. भाकरी-खर्डा माझ्यापुढे सरकवायच्या आणि मी पोटभर खाल्लं की नाही ते बघत बसायच्या. वैशाख पौर्णिमेला मोठा डबा भरून खीर आणत. आदल्या दिवशी प्लँट मॅनेजरशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी त्यांची वाटी केबिनमध्ये पोचती होई.

एकदा पुतणीच्या लग्नासाठी बाईंनी शनिवार ते सोमवार रजा घेतली. नवी आवृत्ती आली आहे, असा संदेश कॉम्प्युटरवर बरेच दिवस येत होता आणि बाई तो रोज बंद करत. शनिवारी खोलीत मी एकटाच होतो. बाई उगाच घाबरतात, असं मला वाटलं. मी ती आवृत्ती बसवून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

ती बसताना आमच्या मशीनसाठी करून घेतलेल्या सेटिंग पुसल्या गेल्या. त्यानंतर मी जो प्रोग्रॅम काढला त्यात एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना टूल पुरेसं वर उचललंच जात नव्हतं. सोमवारी ते टूल पुऱ्या वेगाने कापायचा भाग घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पवर आदळलं. टूलचा तुकडा उडून मशीनच्या दरवाजाच्या काचेवर बसला, काच तडकली. पलीकडे तानाजी उभा होता. बिद्रीहून रोज मोटरसायकलने येणारा, बारा वर्षं जुना ऑपरेटर. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण मशीन महिनाभर बंद पडलं. मॅनेजरनी दुपारपर्यंत ठरवून टाकलं की तानाजीने माप चुकीचं लावलं.

मंगळवारी बाई आल्या. नेहमीप्रमाणे चौकट उघडली, आकडा वाचला, मग फळ्यावरचा शुक्रवारचा आकडा बघितला. नवा आकडा त्याच्याखाली लिहिला आणि बोटांवरचा खडू झटकला. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत होता. मी मान खाली घालून बसून राहिलो.

दुपारी आम्हा दोघांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. तानाजी कोपऱ्यात उभा होता. त्याला कामावरून काढायचा अहवाल टाइप होऊन तयार होता, फक्त प्रोग्रॅम देणाऱ्या खात्याच्या प्रमुख म्हणून बाईंची सही राहिली होती. बाईंनी तो सगळा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

मॅनेजर समजुतीने म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअर कधी चुकतं का? चुकतो तो माणूसच."

"व्हय साहेब, माणूसच चुकलाय," बाई म्हणाल्या. "पण ह्यो न्हवं."

त्यांनी मॅनेजरना आणि तानाजीला आमच्या खोलीत यायला लावलं. चौकट उघडून आकडा दाखवला, फळा दाखवला, मग कॉम्प्युटरमधल्या यादीत ती आवृत्ती कधी बसली ती तारीख दाखवली. शनिवार. मॅनेजर म्हणाले की आता हा घोळ वाढवू नका, वरून विचारणा होतेय, सही करा.

बाईंचा आवाज चढला नाही. "माझ्या वडलांना फाउंड्रीतनं काढलं तवा कागदावर काय लिवलंय ते त्यांना वाचता येत न्हवतं. त्यांनी अंगठा दिला. मला वाचता येतंय, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो. त्या तानाजीकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मी बसवलं."

मग मॅनेजर म्हणाले की अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहू, विषय संपला. बाईंनी तेही मानलं नाही. काय बसवलं, कधी बसवलं, कुणी बसवलं, सगळं लिहा म्हणाल्या. तसं लिहिलं गेलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि तानाजी कामावर राहिला. बाहेर आल्यावर मी माफी मागू लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "शनवारची चूक लहान व्हती. आज दुपारपतोर गप बसलास, ती मोठी." एवढंच. पण जेवताना भाकरी माझ्यापुढे आली.

दोन महिन्यांनी त्यांची बदली स्टोअरला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना ते समजलं. एका कोपऱ्यात, नटबोल्टच्या पेट्यांमध्ये टेबल. बाई तिथे एक दिवसही बसल्या नाहीत, राजीनामा दिला. आता कागलात घरीच दोन कॉम्प्युटर टाकून छोट्या कारखान्यांना प्रोग्रॅम करून देतात आणि त्यांना सवड नसते. मी अजून अडलो की त्यांनाच फोन लावतो.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो होतो. छापील फॉर्मवर 'नोकरी सोडण्याचे कारण' या ओळीपुढे कुणीतरी आधीच 'वैयक्तिक' असं टाइप करून ठेवलं होतं. बाईंनी पेन मागून घेतलं, तो शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'वैयक्तिक नाही. कारण कंपनीला माहीत आहे.'

टेबलामागची मुलगी गोंधळली. फॉर्म खराब झाला मॅडम, दुसरा देते, म्हणाली.

"दे की," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर बी हेच लिवीन."

मुलीने काढलेला कोरा फॉर्म परत ठेवला. मग शिक्का उचलला आणि त्याच फॉर्मवर मारला.