पेटी वसंताची, मासे कुणाचे?

राजाभाऊने वसंताला फसवलं. हे आधी लिहितो, कारण वसंताच्या शोकसभेत हे कुणीच बोललं नाही.

वसंताच्या बायकोचा, मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, रुसैलच्या गोदामात एका गिऱ्हाइकाशी भाव करत होतो. "भावोजी, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला म्हटलं, तुझ्या भावात घे आणि जा. आयुष्यात पहिल्यांदाच.

वसंता अल् खुवैरच्या एका कंपनीत हिशेब बघायचा आणि शुक्रवारी सीबच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसायचा. त्याच्या नादानं मी आणि आमचा दोस्त राजाभाऊ, आम्हीही मासेमारीचे परवाने काढले. हमूर मासा चांगला लागला, की राजाभाऊला हात आवरायचा नाही. वसंता समजवायचा, "दिवसाला किती पकडायचे हा एक नियम. एकाजवळ एकूण किती असावेत हा दुसरा. घरच्या फ्रीजरमधलेही त्यात आले." म्हणून गुरुवारपर्यंत तो उरलेले मासे शेजाऱ्यांना वाटून टाकायचा. गावाकडे मासळी सगळ्या होडीची, वाटे घरी पडतात. आम्हाला तीच सवय, सगळ्यांचं एकाच पेटीत. वसंता मात्र पेटी वेगळी ठेवायचा. "थोडं इकडेतिकडे चालतंय रे," मी म्हणायचो. "घासाघीस सूकच्या बाजारात कर," तो हसायचा, "समुद्राशी नको."

त्या शुक्रवारी राजाभाऊने आपले जादा मासे वसंताच्या पेटीत बर्फाखाली सारले. "जरा सांभाळ, गाडी घेऊन येतो." वसंता नको नको म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा. तेवढ्यात तपासणीवाले आले. पेटी उघडली, मासे मोजले. "कोणाची पेटी?" वसंताने गाडीकडे पाहिलं. काचा वर, एसी चालू, राजाभाऊ आत बसून बघतोय.

"माझी," वसंता म्हणाला.

मी भडकलो. त्याने माझा दंड घट्ट धरला. "गप्प बस. त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचाय. नाव लागलं तर पोराबाळांसकट परत जाईल. नंतर तोच सांगेल सगळ्यांना."

वसंताचा परवाना गेला. खलास. आणि राजाभाऊने सांगितलं खरं, पण काय? "वसंताला हाव सुटली हो." गणपतीच्या पंगतीत कुणीतरी वाढताना म्हणालं, "यांना दोनच मोदक, लिमिट आहे." लोक हसले. वसंताही हसला… आणि पुन्हा कुठल्याच कार्यक्रमाला आला नाही. मी तोंड उघडू म्हटलं, तर दरवेळी म्हणायचा, "त्याच्या तोंडून येऊ दे." मी तसा शब्द दिला. तो वाट पाहातच गेला.

शोकसभेत राजाभाऊ माइक धरून म्हणाला, "माणूस सोन्यासारखा, एक चूक सोडली तर." मेधावहिनी खाली मान घालून बसल्या होत्या.

व्हिसा केव्हाच रिन्यू झाला, राजाभाऊ. वसंताला दिलेला शब्द मी इथे मोडतोय. आता त्याच हॉलमध्ये, तोच माइक धरून, वहिनींच्या डोळ्यांत बघून सांग: ते मासे कुणाचे होते?